माशीवर नजर

आमच्या रायफल क्लबात गोळी चुकली म्हणून कोणी कोणाला हसत नाही. ती टार्गेटच्या बाहेर गेली, मागच्या मातीच्या बांधात घुसली, तरी लोक मान हलवतात आणि "होतं असं" म्हणतात. पण शेजारच्याच्या टार्गेटवर गोळी मारली की खेळ खलास. मग वर्षभर तोंड लपवत फिरायचं.

मी ती मारली. क्लबाच्या वार्षिक स्पर्धेत, सगळ्यांदेखत, आणि तीही नेमकी सेक्रेटरीच्या टार्गेटवर.

हे कसं होतं ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई आंधळी असणार. पन्नास मीटरवर टार्गेटं एकाशेजारी एक लावलेली असतात. सगळी सारखीच, वर फक्त नंबरची पाटी. आपण चटईवर पालथं पडून नेम धरायचा. माझ्या रायफलीवर दुर्बीण बसवलेली होती. दुर्बिणीतून मधला काळा गोल ताटाएवढा दिसतो, पण बाकीचं जग गायब होतं. वरचा नंबरसुद्धा दिसत नाही. दोन गोळ्यांच्या मध्ये मी कोपर जरा सरकवलं, परत डोळा लावला, समोर छानसा काळा गोल आला आणि मी चाप ओढला. गोळी बरोब्बर मधोमध लागली. दहापैकी दहा. फक्त टार्गेट माझं नव्हतं.

पुढची गंमत ऐका. सेक्रेटरीच्या कागदावर एक भोक जास्तीचं झालं आणि कोणतं कोणाचं ते ठरवता येईना. मग नियमाप्रमाणे त्यातला चांगला गुण त्याच्या पदरात टाकला. म्हणजे माझ्या गोळीवर हा माणूस पहिला आला. ह्याचं औषधांचं दुकान आहे. खोकल्याच्या बाटलीबरोबर फुकटचा उपदेश देण्याची त्याला सवय. बक्षीस हातात घेऊन म्हणतो, "काकूंचे आभार मानायला हवेत." सगळे हसले. मीही हसले. दात दाखवायचं काम मला जमतं, मी कवळ्या बनवते.

तिथंच संपलं असतं तर मी दोन दिवस भांडी आपटली असती आणि विसरले असते. पण त्याच आठवड्यात सेक्रेटरी माझ्या लॅबमध्ये आला. लॅब म्हणजे दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यामागची एक खोली. प्लास्टरच्या जबड्यांनी भरलेली मांडणी, एक छोटी शेगडी आणि मेणाचा वास. मी एका आजोबांच्या वरच्या कवळीचे दात मेणात बसवत होते. सेक्रेटरीनं स्टूल पुसून घेतलं, मग बसला.

"काकू, कमिटीचं असं म्हणणं पडलं, की तुम्ही आता थांबावं."

"काय थांबवावं?"

"नेमबाजी. वय, डोळे... शेवटी सुरक्षिततेचा प्रश्न असतो ना."

क्लबाचं सभासदत्व गेलं की परवाना जातो. परवाना गेला की रायफल पोलिसांकडे जमा. हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. लग्नाआधीपासून माझ्याकडे असलेली एकच वस्तू म्हणजे ही रायफल.

"एका गोळीसाठी?" मी म्हटलं. "मागच्या वर्षी तुमच्या त्या फर्निचरवाल्यानं छपराचा पत्रा फोडला. त्याला थांबवलंत? त्यानं नवीन पत्रा बसवून दिला तर तुम्ही त्याचा सत्कार केलात."

"ते वेगळं."

"वेगळं कसं? छपरावर कोणाचं टार्गेट होतं का?"

त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. मी गप्प बसणार नाही हे त्याच्या लक्षात आलं असावं, कारण तो एकदम उठला आणि जे बोलायला आला नव्हता ते बोलून बसला.

"आमच्यावर कशाला डाफरता? तुमच्या मुलानंच येऊन सांगितलं, आईचं सभासदत्व बंद करा म्हणून. स्पर्धेच्या आधीच सांगितलं होतं. आम्हाला काय हौस आहे?"

तो गेला. मी परत कामाला लागले, आणि बऱ्याच वेळानं पाहिलं तर आजोबांची डावी दाढ उजवीकडे बसवली होती. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. सगळं मेण खरवडून काढलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती जाताना वाटेत हातातून जाते.

माझा मुलगा लिफ्ट तपासतो. सरकारी नोकरी आहे. इमारतींमध्ये जाऊन दोर, ब्रेक, दरवाजे बघतो आणि ठीक नसेल तर लिफ्टला टाळं लावतो. दिवसभर कुठे काय तुटेल, कोण कुठे पडेल हेच डोक्यात. लहानपणी शेंबूड पुसायला आईच्या पदराशिवाय काही चालायचं नाही, आता आईलाच टाळं लावायला निघाला होता. मी संध्याकाळी त्याच्या घरी गेले. सूनबाईनं दार उघडलं, माझा चेहरा बघितला आणि "मी जरा खाली जाऊन येते" म्हणून चपला घातल्या. पोरगी हुशार आहे.

"सेक्रेटरी आला होता," मी म्हटलं.

तो टीव्ही बंद करून नुसता बसला. नाही म्हणाला असता तर निदान भांडता आलं असतं.

"माझ्या पाठीमागे जाऊन तू त्या गोळ्या विकणाऱ्याला सांगतोस, की आईला हाकला?"

"हाकला म्हणालो नाही. तुझ्या डोळ्यांची काळजी वाटते, आई."

"माझे डोळे? ह्या डोळ्यांनी मी रोज लोकांचे दात जुळवते. केसाएवढा फरक पडला तर माणूस जेवू शकत नाही. एक तरी कवळी परत आली का आजवर?"

"तसं नाही."

"मग कसं? बोल ना. त्या परक्या माणसासमोर बरी वाचा फुटली होती."

त्यानं जमिनीकडे बघत विचारलं, "दे ना ती रायफल टाकून. त्यात आता तुला काय मिळतं?"

हा प्रश्न मला झोंबला, कारण खरं उत्तर काहीच नाही असं होतं. दोन वर्षं मी रेंजवर जात होते आणि चिडून घरी येत होते. माझे मिस्टर गेले, त्यानंतर महिन्याभरात मुलानं ही दुर्बीण आणली. चांगली महागाची. स्वतः बसवून दिली. म्हणाला, आई, आता तुला सोपं जाईल. क्लबातही सगळे म्हणाले, ह्या वयात दुर्बिणीशिवाय, उघड्या नेमानं कोण मारतं. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही. पण मुलानं कौतुकानं आणलेली वस्तू नको कशी म्हणायची? आणि त्या दिवसांत मला कशालाच नको म्हणायची ताकद नव्हती.

दुर्बिणीचा खरा त्रास नेम लावणाऱ्यालाच कळतो. तिच्यात एक बारीक फुली असते. ती काळ्या गोलावर धरायची. पण ती धरली जात नाही, ती उडते. तुमच्या छातीच्या प्रत्येक ठोक्याला ती टुणकन उडते, आणि दुर्बीण ते मोठं करून दाखवते. घरात आपण एकटेच उरलो आहोत, आणि दर रविवारी पालथं पडून स्वतःचं काळीज कसं धडधडतंय ते बघायचं. फुली मधोमध आली की घाईनं चाप ओढायचा, हिसका बसायचा, गोळी भलतीकडे. पुन्हा फुली, पुन्हा ठोका. मी त्या नळकांड्याचा इतका राग राग करायचे, की तो राग घरी आल्यावरही उतरायचा नाही.

म्हणजे सोडून द्यावं असं मलाही वाटू लागलं होतं. पण मी होऊन सोडणं निराळं, आणि माझ्या हातातून कोणी काढून घेणं निराळं. आता मी नेमबाजी दोन्ही हातांनी धरली.

"क्लबाच्या नियमात चाचणी आहे," मी म्हटलं. "मास्तरांसमोर मारून दाखवायचं. सगळ्या गोळ्या काळ्यात लागल्या तर मला कोणी हात लावू शकत नाही. ती मी रविवारी देणार. तू ये. आईचा पाणउतारा डोळ्यांनी बघ."

"आई..."

"येच तू." आणि मी दार आपटून निघाले. जिन्यात सूनबाई पायरीवर बसली होती. तिनं विचारलं, "खाऊन जाता का काही?" मी तिच्यावरही डोळे वटारले. तिचा काही दोष नव्हता.

रविवारी रेंजवर मी सगळ्यांच्या आधी पोचले. मास्तर म्हणजे आमचे शिकवणारे, माझ्याहून थोडे मोठे, कानांनी अधू, कमी बोलणारे. सेक्रेटरी खुर्ची टाकून बसला होता आणि मुलगा मागच्या कठड्याला टेकून उभा होता, हाताची घडी घालून, कामावर लिफ्टसमोर उभा राहत असेल तसा.

"सरावाच्या हव्या तेवढ्या मारा," मास्तर म्हणाले. "मग दहा मोजायच्या. दहाच्या दहा काळ्यात पाहिजेत."

मी पालथी पडले. डाव्या दंडाला पट्टा अडकवला, रायफलीचा लाकडी दस्ता खांद्यात घेतला, दुर्बिणीला डोळा लावला. आणि बघते तर काय, फुलीनं थैमान मांडलं होतं. मागे मुलगा उभा, बाजूला तो औषधवाला, आणि माझा राग छातीत दणदण वाजतोय. एवढ्या उड्या तिनं कधी मारल्या नव्हत्या. सरावाची पहिली गोळी पांढऱ्यात गेली. दुसरी पांढऱ्यात. तिसरी कुठे गेली ते मास्तरांनाही सापडेना. बाजूची खुर्ची करकरली.

"काकू, घाई नाही हं," सेक्रेटरी म्हणाला.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली, की मी रायफल खाली ठेवली आणि उठून बसले.

"मास्तर, पेचकस आहे?"

"काय करता?"

"हे काढते."

मास्तरांनी खिशातून पेचकस दिला. मी त्या दुर्बिणीचे स्क्रू एकेक करून सोडवले. मागे मुलगा काहीतरी म्हणाला, मी लक्ष दिलं नाही. दुर्बीण काढून चटईच्या कडेला ठेवली. नळीच्या टोकाला जुना लोखंडी खुंट तसाच होता. त्याला आम्ही माशी म्हणतो. मागचं, डोळ्याजवळ बसवायचं बारीक भोकाचं पान रायफलीच्या पेटीतल्या कप्प्यात होतं, मीच एका फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. ते बसवलं, चष्मा काढून खिशात टाकला.

"काकू, तशानं तुम्हाला पाटी तरी दिसेल का?" सेक्रेटरी.

"बोलू नका," मास्तर म्हणाले. रेंजवर त्यांचं असं बोलणं म्हणजे पुष्कळच.

बारीक भोकातून म्हातारा डोळाही स्वच्छ बघतो. मी डोळा लावला आणि समोर अख्खं मैदान उघडलं. बांध, गवत, सगळ्या पाट्या, माझा नंबर. काळा गोल एवढासा, शाईचा ठिपका पाण्यात पडल्यासारखा पसरट. आणि त्याच्या अलीकडे माशी, काळी, ठसठशीत, कडा अगदी कापून काढलेल्या. मला माझ्या पहिल्या दिवसाची आठवण झाली. टार्गेट बघू नकोस, माशी बघ, टार्गेट धूसरच असायचं, हे पहिल्याच दिवशी शिकवतात आणि शिकायला वर्षं जातात. मनुष्याला जिथे पोचायचं तिकडेच बघावंसं वाटतं. इथं ते विसरून हाताजवळच्या लोखंडाच्या तुकड्याकडे बघायचं असतं.

पहिली गोळी खाली डावीकडे गेली. नेम सरकवायला मागच्या पानाचा खटका दोनदा फिरवला. दुसरी काळ्याच्या काठावर आली. आणखी एकदा फिरवला.

"मोजा," मी म्हटलं.

मग काय झालं ते मला नीट सांगता येत नाही, आणि खोटं रंगवून सांगायचं नाही. ठोके पडत होते, पण माशी उडत नव्हती. म्हणजे हलत असणारच, पण मला मोठी करून दाखवणारं कोणी नव्हतं. ती श्वासाबरोबर हळूच वर यायची, हळूच खाली जायची. अर्धा श्वास सोडला की काळ्याच्या खाली टेकून थांबायची. मी चाप ओढला असं म्हणता येणार नाही. बोट आपोआप मागे येत गेलं आणि गोळी सुटली तेव्हा मीच दचकले. दस्त्याचा तो छोटासा धक्का खांद्याला लागला आणि मला हसू आलं. खरंखुरं हसू, चटईवर तोंड खुपसून. दोन वर्षांत असं आलं नव्हतं. बंदुकीच्या दारूचा वास, काडतुसाची रिकामी पुंगळी टणकन बाजूला पडल्याचा आवाज, पुन्हा माशी, पुन्हा श्वास. मधेच मला जाणवलं, की राग कुठेतरी गेला आहे. मी त्याला शोधलंसुद्धा. इतका जपून आणलेला राग, आणि ऐन वेळी हा पठ्ठ्या गायब. पुढची गोळी भरायची होती म्हणून मी शोध सोडून दिला.

दहा झाल्या. नियमाप्रमाणे मी रायफलीचा बोल्ट ओढून बाहेर काढला आणि चटईवर ठेवला. बोल्ट काढला की रायफल रिकामी, निरुपद्रवी, हे लांबूनही सगळ्यांना दिसतं. मास्तर चालत गेले, कागद काढून घेऊन आले. सगळी भोकं काळ्यात होती. सगळी मधोमध नव्हती, दोन तर जेमतेम आत. पण आत.

मास्तरांनी कागद सेक्रेटरीच्या मांडीवर ठेवला. "ह्यांचं सभासदत्व चालू राहील," ते म्हणाले. सेक्रेटरी म्हणाला, आम्हाला आनंदच आहे. मी त्याला उत्तर दिलं नाही, कारण त्या वेळी मला तो खरंच दिसेनासा झाला होता.

मुलगा पेटी उचलायला पुढे आला. मी उचलू दिली. पार्किंगमध्ये गाडीपाशी पोचलो आणि माझा राग परत आला, जरा दमलेला, पण आलाच.

"झालं समाधान? डोळे दिसले आईचे?"

त्यानं पेटी डिकीत ठेवली. डिकीचं झाकण लावलं नाही.

"डोळ्यांचं निमित्त होतं," तो म्हणाला.

"ते मला कळत नाही असं वाटलं का? खरं काय ते सांग."

"बाबा गेल्यापासून तू इथून घरी यायचीस आणि टेबलावर रायफल घेऊन बसायचीस. पुसत. मी आलो तरी वर बघायची नाहीस. एकदा मी दारातून हाक मारली, तुला ऐकूच आली नाही. पुसतपण नव्हतीस तू. नुसती मांडीवर घेऊन बसली होतीस."

"मग?"

"मग मी बाहेर जाऊन जिन्यात उभा राहिलो." तो डिकीकडे बघत होता. "आतून काही आवाज येतो का ते ऐकत."

कसला आवाज, ते मला जरा उशिरानं समजलं.

"किती वेळा?"

"जमेल तेव्हा. कामावरून थेट यायचो. घरी सांगायचो, उशीर होतो."

"अरे मूर्खा," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, पलीकडच्या गाडीतला माणूस वळून बघू लागला. "मला विचारायचं होतंस. तोंड दिलंय ना देवानं? आईला विचारता येत नव्हतं?"

"विचारलं असतं," तो म्हणाला, "आणि तू हो म्हणाली असतीस तर?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं आणि नाही बाहेर येईना. त्या संध्याकाळी मी काय विचार करत होते ते मी आठवून पाहिलं. काहीच आठवेना. टेबल आठवलं, तेलाचं फडकं आठवलं, समोरची रिकामी खुर्ची आठवली. पोटच्या पोराशी खोटं बोलायची ती वेळ नव्हती. तो माझ्याकडे बघत होता, आणि दाराबाहेर उभा राहिल्यावर त्याचा चेहरा कसा दिसत असेल ते मला त्या क्षणी दिसलं.

"आता नाही," मी म्हटलं. "आज तर नाहीच."

एवढ्यावर विश्वास कसा ठेवायचा, तो तरी काय करणार. मी पेटी उघडली. बोल्ट कप्प्यातून काढला. बोटभर लांबीचा पोलादाचा दांडा, अजून कोमट. तो नसला तर रायफलीतून पुढे काही जात नाही, ती नुसती नळी आणि लाकूड.

"धर," मी म्हटलं. "हा तुझ्या घरी ठेव. रायफल माझ्याकडे राहील. दर रविवारी सकाळी हा घेऊन यायचं, मला इथं आणायचं आणि मारून झालं की परत घेऊन जायचं. पावसापाण्याची सबब चालणार नाही. आणि जिन्यात उभं राहायचं नाही, आत यायचं. उशीर केलास तर बघ."

त्यानं बोल्ट घेतला. तेलाचा डाग शर्टाला लागेल म्हणून मी ओरडणार होते, पण त्यानं तो खिशात ठेवला नाही, मुठीतच धरला.

"मी अजून रागावलेली आहे," मी म्हटलं.

"माहितीये," तो म्हणाला, आणि रडायला लागला, माझा एवढा मोठा मुलगा, भर पार्किंगमध्ये.